अलकनंदा भिंतीवर : प्रकल्प नोंदी

६ डिसेंबर २०२५, शनिवार

वाचनालयाच्या जिन्यालगतची भिंत पक्की झाली. सहा फूट बाय सहा फूट मोकळी जागा, वर ट्यूबलाइट, डावीकडे पाण्याचा कूलर. मुदत २८ फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. ग्रंथपाल मॅडमच्या मनात ग्रहमाला होती. मी म्हटलं, ग्रहमाला प्रत्येक शाळेच्या कंपाउंडवर रंगवलेली आहे आणि तिच्यातला शनी हटकून गुरूपेक्षा मोठा असतो. त्यापेक्षा गेल्या महिन्यात पेपरात आलेली अलकनंदा लावू.

अलकनंदा ही पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या डेटात शोधलेली सर्पिल दीर्घिका (गॅलेक्सी). आपल्याला दिसते ती विश्वाचं वय जेमतेम दीड अब्ज वर्षं होतं तेव्हाची. मॅडमचा पहिला प्रश्न नारायणगावात कुणीही विचारेल तोच होता : "म्हणजे खोडदच्या डिशमधून दिसली का?" नाही. खोडदची जीएमआरटी याच संस्थेची, पण तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश रेडिओ लहरी टिपतात. अलकनंदा सापडली ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून काम करणाऱ्या दुर्बिणीच्या फायलींमध्ये, आणि त्या फायली आज कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.

ठरलं ते असं : नेटवरचं तयार चित्र छापायचं नाही. फायली खुल्या आहेत तर चित्र आपणच बनवायचं. मी (पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं, घरून), भाची (अकरावी सायन्स), छपाईचा खर्च वाचनालयाचा.

९ डिसेंबर, मंगळवार

डेटाची जुळवाजुळव. अलकनंदा ज्या क्षेत्रात सापडली त्याचं नाव आबेल २७४४, टोपणनाव पँडोरा. शिल्पकार तारकासमूहाच्या दिशेला असलेला दीर्घिकासमूह. खरं तर किमान चार समूह एकमेकांवर आदळून झालेला पसारा. त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे साडेतीन अब्ज वर्षं लागतात. अलकनंदा त्याच्या कितीतरी मागे. मधल्या समूहाचं वस्तुमान एवढं अफाट की मागून येणारा प्रकाश वाकतो, ताणला जातो, उजळतो. अलकनंदा त्यामुळे साधारण दुप्पट तेजस्वी दिसते. असं गुरुत्वीय भिंग आयतं मिळतं म्हणून तर दुर्बिणी पुन्हा पुन्हा या समूहांकडे वळवतात. हबल दुर्बिणीनंही फ्रंटियर फील्ड्स या मोहिमेत हाच समूह धरला होता.

आपल्या कामाचे वेबचे कार्यक्रम दोन : अनकव्हर (क्रमांक २५६१) आणि मेगासायन्स (४१११). दोन्ही मिळून निअरकॅम कॅमेऱ्याचे रुंद आणि मध्यम पट्ट्यांचे सगळे २० फिल्टर. त्या चमूंनी जोडून, सरळ करून ठेवलेली मोझेइक (मोठी जोडचित्रं) वापरणार. कच्च्या फायलींपासून सुरुवात करायची मला हौस होती. पण तिथे वैश्विक किरणांच्या माऱ्याचे गोल पांढरे डाग (त्यांना स्नोबॉल म्हणतात), दुय्यम आरशाच्या दांड्यावरून परतलेल्या प्रकाशाचे धुरकट पट्टे, डिटेक्टरच्या रेघा, असा सगळा कारभार असतो. तो निस्तरण्यात जाणत्या लोकांची उमेदीची वर्षं गेली आहेत. आपण आयतं घेतलेलं बरं.

एकेक फाइल काही जीबींची. डाउनलोड रात्री लावून झोपायचं. दिवसा आमच्याकडे वीज आणि नेट यांचं एकमत होत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पहिली फाइल उघडली, डीएस९ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. फिल्टर एफ२००डब्ल्यू, म्हणजे दोन मायक्रोमीटरच्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. भाचीनं तोंड वाकडं केलं. "मामा, काळंच आहे की सगळं."

काळंच होतं. फाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो, तिथे किती प्रकाश पडला त्याचा. ताऱ्याच्या मध्यावरचा आकडा आणि फिकट दीर्घिकेचा आकडा यांत हजारोपटींचा फरक. स्क्रीनकडे उजेडाच्या पायऱ्या मात्र २५६. सरळ हिशेबानं वाटल्या तर सगळ्या पायऱ्या चार-दोन तारे खाऊन टाकतात आणि उरलेलं विश्व शून्यावर बसतं. म्हणून ताणायचं : फिकट भाग जास्त उचलायचा, तेजस्वी भाग दाबायचा. खगोलवाले त्यासाठी आर्कसाइनएच हे फलन वापरतात. फिकट टोकाला ते जवळपास सरळ रेषेसारखं वागतं आणि तेजस्वी टोकाला लॉगरिदमसारखं.

स्लायडर भाचीच्या हातात दिला. आधी तारे उगवले. मग समूहातल्या जाडजूड लंबगोल दीर्घिका. मग त्यांच्या अवतीभवती बारीक कमानी, मागच्या दीर्घिकांचे भिंगानं ताणलेले आकार. मग सगळीकडून ठिपके. आणखी सरकवलं की ठिपके कुठले आणि डिटेक्टरची खरखर कुठली ते कळेनासं होतं. त्या सीमेच्या किंचित अलीकडे थांबायचं. आमचा पुढचा सगळा वेळ त्या सीमेवरच जाणार, हे आजच दिसतंय.

तारा आणि दीर्घिका ओळखायची पहिली खूण म्हणजे काटे. वेबचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा, म्हणून तेजस्वी ताऱ्याला सहा मोठे काटे फुटतात. दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे दोन आडवे, छोटे. काटे दिसले की समजायचं, हा आपल्याच आकाशगंगेतला, घरचा माणूस. पसरट, बिनकाट्याचं जे काही ते दीर्घिका. (जिच्या केंद्रात कृष्णविवर जोरात खात बसलंय अशी दीर्घिकाही काटे दाखवते, पण तो अपवाद.)

भाचीनं एक कोपरा निवडून काटेवाले शोधले. हाताच्या बोटांवर मावले. "आणि हे बाकीचे?" बाकीची प्रत्येक एक दीर्घिका. मग तिनं आपण होऊन स्लायडर परत मागे नेला, सगळं काळं केलं आणि पुन्हा हळूहळू पुढे आणलं. जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

१४ डिसेंबर, रविवार

जागा आकाशात कुठे आहे ते भाचीला दाखवायचं होतं. मळ्यात अंधार चांगला, पण सध्या संध्याकाळनंतर मळ्यात जायची सोय नाही, बिबट्याचा वावर आहे. गच्चीवरूनच पाहिलं. सातच्या सुमाराला आबेल २७४४ ची जागा बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ४० अंशांवर. ओळखायची खूण मीनास्य : त्या भागातला एकच ठळक तारा. त्याच्या डावीकडे, म्हणजे पूर्वेला, साधारण १७ अंशांवर काहीही नसलेला एक तुकडा. तोच तो. डोळ्यांना तिथे एकही तारा दिसत नाही. आपण छापणार तो भाग सात आर्कमिनिट (एक आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंद, चंद्राच्या रुंदीच्या पाव हिश्श्याहून कमी.

शनी त्याच वेळी डोक्याकडे चढलेला. मॅडमना फोटो पाठवला, तुमचा शनीपण हजर आहे म्हणून.

२१ डिसेंबर, रविवार

आजचा दिवस वसूल.

वेगवेगळ्या फिल्टरच्या फायली एकावर एक बसवल्या आणि बटण दाबलं की एकामागून एक दिसतील अशी सोय केली. मग अनकव्हर चमूनं छापलेले निर्देशांक टाकून अनकव्हर झेड-१३ या दीर्घिकेवर गेलो. हिची ताम्रसृती (रेडशिफ्ट, म्हणजे प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) १३.०८, वेबच्या वर्णपटमापकानं, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या उपकरणानं, पक्की केलेली. विश्व सुमारे ३३ कोटी वर्षांचं होतं तेव्हाची.

हिशेब भाचीकडून करून घेतला. आद्य विश्वातला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश जवळपास सगळा गिळतो. म्हणजे दीर्घिकेच्या प्रकाशाला त्या जागी एक कडा पडते. तो प्रकाश आपल्याकडे येईपर्यंत विश्व प्रसरण पावतं, लाटा ताणल्या जातात, आणि कडा सरकत सरकत तांबड्याच्याही पलीकडे जाते. किती? ताम्रसृतीत एक मिळवायचा आणि गुणायचं. १२१.६ गुणिले १४.०८, म्हणजे सुमारे १,७१२ नॅनोमीटर. १.७१ मायक्रोमीटरच्या अलीकडे काही दिसता कामा नये, पलीकडे दिसलं पाहिजे.

एफ११५डब्ल्यू : काही नाही, नुसती खरखर. एफ१५०डब्ल्यू : काही नाही. हा फिल्टर १.६७ मायक्रोमीटरच्या आसपास संपतो. एफ२००डब्ल्यू : मधोमध एक ठिपका. एफ२७७डब्ल्यू : ठिपका तिथेच.

"परत कर." मागे गेलो, ठिपका गेला. पुढे आलो, आला. शेजारच्या दोन दीर्घिका सगळ्या फिल्टरमध्ये जागच्या जागी, हा एकच उगवतो नि मावळतो. वहीत केलेल्या गुणाकारानं सांगितलं होतं तिथेच. भाचीनं किती वेळा बटण दाबलं ते मोजलं नाही, पण कीबोर्डची ती कळ आता वेगळी वाजते.

वेबची तयार रंगीत चित्रं मी आजवर शेकड्यांनी पाहिली असतील. असं कधी झालं नव्हतं. रंगीत चित्र पाहताना सगळं दुसऱ्या कुणीतरी आधीच पाहून ठेवलेलं असतं. इथे धड आकारही नसलेला ठिपका, आणि त्याच्या असण्या-नसण्यावरून त्याचं वय निघतं.

लगेच तिला दुसरी बाजूही सांगितली. ठिपका फिल्टरमधून गायब होतो म्हणून तो दूरचाच असतो असं नाही. वेबच्या सीर्स या मोहिमेत सापडलेली एक दीर्घिका ताम्रसृती १६ ची असावी असा गाजावाजा झाला. २०२३ मध्ये वर्णपट आला आणि निघाली ४.९ ची : भरपूर धूळ, वर काही प्रखर उत्सर्जन रेषा (ठरावीक तरंगलांबीलाच उठून दिसणारा प्रकाश) नेमक्या अशा फिल्टरांत पडलेल्या की सोंग बेमालूम वठलं. आणि आपल्या या आबेल २७४४ च्या क्षेत्रात लाल ठिपक्यांचे वर्णपट घेतले तेव्हा त्यांतले काही चक्क आपल्या आकाशगंगेतले तपकिरी बटू निघाले, तारा व्हायला वस्तुमान कमी पडलेले थंड गोळे. म्हणजे एकाच चित्रात अंगणातला आणि विश्वाच्या दुसऱ्या टोकाचा, दोघेही सारखेच लाल ठिपके. चमूंची खरी मेहनत इथे आहे. चित्र काढणं त्या मानानं सोपं.

२५ डिसेंबर, गुरुवार

चार वर्षांपूर्वी आजच्याच तारखेला वेब फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन-५ वर बसून निघाली. ६.५ मीटरचा आरसा घडी घालून नेलेला. पाच थरांची सूर्यछत्री साधारण २१ मीटर बाय १४ मीटर, तीही घडी घालून. एवढा खटाटोप थंडीसाठी. अवरक्त पाहायचं तर दुर्बीण स्वतः थंडगार हवी, नाहीतर तीच अवरक्तात चमकते. हबल साधारण १.७ मायक्रोमीटरपर्यंतच पाहते, आणि परवाचा आमचा ठिपका त्याच्या पलीकडे. हबलनं जन्मभर रोखून पाहिलं असतं तरी तिला तो दिसला नसता.

आज काम नाही. फक्त एफ४४४डब्ल्यू उतरवून झाली.

४ जानेवारी २०२६, रविवार

रंगांवरून वाद. अवरक्ताला रंग नसतो, मग आपण देतोय ते रंग खरे की खोटे? मॅडमचं म्हणणं, खाली बारीक अक्षरात 'रंग काल्पनिक' असं छापा. मला ते पटलं नाही. आम्ही एफ११५डब्ल्यू आणि एफ१५०डब्ल्यू निळ्यात घातले, एफ२००डब्ल्यू आणि एफ२७७डब्ल्यू हिरव्यात, एफ३५६डब्ल्यू आणि एफ४४४डब्ल्यू लालमध्ये. आखूड लाटा निळ्या, लांब लाटा लाल. डोळाही तेच करतो. आम्ही फक्त पट्टी सरकवली. चित्रात जे जास्त लाल आहे ते खरोखरच लांब लाटांत जास्त तेजस्वी आहे. तेव्हा मजकूर असा ठरला : 'डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, क्रम न मोडता दिसणाऱ्या रंगांत.'

भडकपणा मात्र मुद्दाम कमी ठेवला. जांभळ्या-गुलाबी धुरात बुडवलेली चित्रं मला बघवत नाहीत. त्यांत दीर्घिकेपेक्षा चित्र करणाऱ्याचा उत्साहच जास्त दिसतो. आमचं चित्र थोडं फिकट आहे. असू दे.

१० जानेवारी, शनिवार

अलकनंदा, एकदाची.

शोधनिबंधातल्या जागेवर गेलो आणि २० फिल्टरचे २० चौकोनी तुकडे कापून एका पानावर लावले. ताम्रसृती सुमारे ४.०५. म्हणजे सगळ्या लाटा पाचपटींहून थोड्या जास्त ताणलेल्या. एफ११५डब्ल्यूमध्ये दिसतो तो मुळात तिथला अतिनील प्रकाश, कोवळ्या, तापलेल्या ताऱ्यांचा. एफ२७७डब्ल्यूमध्ये दिसतो तो तिथला साधा, डोळ्यांना दिसला असता असा प्रकाश. एकाच दीर्घिकेची वेगवेगळी सोंगं, आणि सगळ्यांत तीच ठेवण : मध्ये फुगीर उजळ गाभा, त्याला वळसा घालून गेलेले दोन हात. आखूड लाटांच्या तुकड्यांत हातांवर बारीक गाठी आहेत, दोऱ्यात ओवल्यासारख्या. त्या नव्या ताऱ्यांच्या वसाहती.

भाचीनं आपणहून हायड्रोजनच्या तांबड्या रेषेचा हिशेब केला. ६५६.३ गुणिले ५.०५, म्हणजे ३,३१४ नॅनोमीटर. ती पडते मध्यम पट्ट्याच्या एफ३३५एममध्ये. ऑक्सिजनची ५००.७ ची रेषा २,५२८ वर, म्हणजे एफ२५०एममध्ये. मध्यम पट्टे इतके अरुंद कशाला, हा तिचा जुना प्रश्न त्यातून सुटला : रेषेचा प्रकाश अरुंद पट्ट्यात वेगळा उठून दिसतो, आणि वर्णपट न घेताही अंतराचा अंदाज घट्ट होतो.

आता हिचं एवढं कौतुक का? सर्पिल हात तयार व्हायला आधी तबकडी स्थिरावी लागते. वायू सावकाश येऊन फिरत्या तबकडीत बसायचा, तबकडी थंडावायची, तिच्यात घनतेच्या लाटा उठायच्या, आणि या धांदलीत दुसऱ्या दीर्घिकेनं येऊन धडक द्यायची नाही. या सगळ्याला काही अब्ज वर्षं लागतात असं मानत. विश्वाच्या पहिल्या दीड अब्ज वर्षांत गोंधळ, गुठळ्या, धडका असणार, अशी अपेक्षा. अलकनंदेत तोवर सुमारे दहा अब्ज सूर्यांइतके तारे तयार होऊन, ३०,००० प्रकाशवर्षं व्यासाची तबकडी नीट बसून, हातही फुटलेले. वर्षाला साधारण ६० सूर्यांइतके नवे तारे घडताहेत, आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या सुमारे वीसपट.

नाव हिमालयातल्या नदीवरून, मंदाकिनीची बहीण म्हणून. मंदाकिनी हे आपल्या आकाशगंगेचंही नाव.

छपाईचा हिशेब केला आणि घाम फुटला. तुकडा सात आर्कमिनिटांचा, म्हणजे ४२० आर्कसेकंद, सहा फुटांत. एका आर्कसेकंदाला साडेचार मिलिमीटरही येत नाहीत. अलकनंदा दीड आर्कसेकंदाच्या आसपास. सहा फुटांच्या चित्रात ती दिसणार ज्वारीच्या दाण्याएवढी.

१८ जानेवारी, रविवार

मॅडमची सूचना : पुणं आलंच आहे तर आयुकाचंही (पुण्यातलीच दुसरी खगोलसंस्था) येऊ दे. सूचना योग्य आहे. अवकाश दुर्बीण म्हटलं की लोकांना नासाच आठवते. २८ सप्टेंबर २०१५ ला इस्रोनं सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीचा आरसा फक्त ३८ सेंटिमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिनं हबलच्या अतिखोल क्षेत्राकडे, म्हणजे हबलनं फार वेळ टिपलेल्या आकाशाच्या तुकड्याकडे, २८ तास पाहिलं. त्यातून आयुकाच्या कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एयूडीएफएस०१ ही दीर्घिका जाहीर केली. प्रकाश ९.३ अब्ज वर्षं प्रवास करून आलेला, आणि तोही अतितीव्र अतिनील, जो सहसा दीर्घिकेतून बाहेरच पडत नाही. तिच्यातलाच हायड्रोजन तो अडवतो. हबलचा आरसा २.४ मीटरचा असूनही हा प्रकाश तिच्या हाती लागला नव्हता. यूव्हीआयटीच्या डिटेक्टरची खरखर फार कमी, त्याचा हा फायदा. पुन्हा तेच : ठिपका की खरखर.

उजवीकडे खाली दीड फुटाची चौकट यासाठी राखून ठेवली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनानंतर वाचनालयातच बसून मजकूर लिहिला. अंतर किती लिहायचं यावरून अडलो. पेपरात '१२ अब्ज प्रकाशवर्षं दूर' असं येतं. प्रकाशाला सुमारे १२.३ अब्ज वर्षं लागली हे बरोबर, पण तेवढ्या वेळात मधलं विश्व फुगत राहिलं. आज मोजलं तर अलकनंदा २४ अब्ज प्रकाशवर्षांच्या आसपास निघेल. दोन्ही आकडे लिहिले तर जिन्यात उभा राहून वाचणारा माणूस सरळ वर मासिकांकडे निघून जाईल. म्हणून अंतर काढूनच टाकलं. 'हा प्रकाश निघाला तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती. विश्वाचं वय दीड अब्ज वर्षं. आज ते १३.८ अब्ज आहे.' एवढंच.

७ फेब्रुवारी, शनिवार

फ्लेक्सवाल्यांकडे गेलो. दुकानात लग्नाचे, वाढदिवसाचे, 'भावी सरपंच' असे बॅनर वाळत पडलेले. दादांनी फाइल उघडली, मोठी करून पाहिली आणि म्हणाले, "साहेब, फोटोत दाणे फार आलेत. साफ करून देऊ का? पाच मिनिटांचं काम." माऊस तयारच होता.

म्हटलं, दादा, ते दाणे म्हणजेच चित्र.

त्यांचा विश्वास बसेना. त्यांच्या दृष्टीनं काळी पार्श्वभूमी म्हणजे एकसारखी काळी, आणि वर जे ठळक ते काम. मग त्यांच्याच स्क्रीनवर एक दाणा आणखी मोठा केला. तिरकी पडलेली तबकडी निघाली, मध्ये उजळ. शेजारचा दाणा मोठा केला : वाकडी कमान. तिसरा निवडला दादांनी : दोन दीर्घिका एकमेकींत घुसलेल्या. चौथाही त्यांनीच. तोवर मागे वाढदिवसाचा बॅनर न्यायला आलेली पोरं उभी राहिली आणि "ह्यो कर, ह्यो कर" सुरू झालं. "एवढं सगळं एकाच फोटोत?" दादांनी विचारलं. चंद्राच्या पाव रुंदीएवढ्या जागेत, मी सांगितलं. त्यांनी माऊस ठेवला.

मग धंद्याचं बोलणं. साधा फ्लेक्स चालणार नाही; त्यांचं मशीन फ्लेक्सवर ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) मारतं, त्यात अलकनंदेच्या वाट्याला जेमतेम १८ ठिपके येतील आणि हात दिसणारच नाहीत. काळा रंगही फ्लेक्सवर राखाडी पडतो. व्हाइनलवर इको-सॉल्व्हंट मशीननं, मॅट लॅमिनेशन करून, खाली सनबोर्ड, असं त्यांनीच सुचवलं. खर्च वाढतो. अलकनंदेची एक फुटाची मोठी चौकट वेगळी, फोटो पेपरवर. त्यात पिक्सेल उघडे पडतील, पस्तीस-चाळीस पिक्सेलच आहेत मुळात. पडू देत. गुळगुळीत करायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण दुर्बिणीनं न पाहिलेलं आम्ही छापणार नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

नमुना आला. काळा चांगला उतरलाय. फिकट लाल ठिपके मात्र छपाईत गडप, शाई स्क्रीनइतकी खोल जात नाही. ताण थोडा वाढवून फाइल पुन्हा दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

लावलं. कूलर दोन फूट सरकवला, कारण पाण्याचे शिंतोडे बरोबर ॲस्ट्रोसॅटवर उडत होते. ट्यूबलाइटची झळाळी मॅट लॅमिनेशनमुळे नाही. मॅडमना मोठ्या चित्रात अलकनंदेवर बाण हवा होता. मी नको म्हटलं, भाचीही. खाली ओळ घातली : 'ती या चित्रातही आहे. शोधा.' शेजारच्या मोठ्या चौकटीत ती कशी दिसते ते कळतंच.

१ मार्च, रविवार

काल विज्ञान दिन. सकाळी बरेच जण खोडदला जीएमआरटीचं प्रदर्शन पाहायला गेले होते, संध्याकाळी त्यांतले काही इकडे वळले. अलकनंदा सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही असा पण काही पोरांनी केला, त्यामुळे जिन्यात रहदारी तुंबली आणि वरच्या मजल्यावर पेपर वाचायला निघालेल्या आजोबांनी दोनदा आवाज चढवला. तिसऱ्यांदा तेही शोधायला लागले.

प्रश्न भरपूर आले. 'आपली आकाशगंगा यात कुठे आहे' हा सगळ्यात जास्त. आपण तिच्या आतून बाहेर पाहतोय हे सांगायला काटेवाले तारे कामी आले. 'खोडदवरून ही दिसेल का' हा दुसरा. एका मुलीनं विचारलं, निळे ठिपके जवळचे आणि लाल लांबचे असंच ना? तिला भाचीनं धुळीची आणि तपकिरी बटूंची गोष्ट ऐकवली, माझ्यापेक्षा बरी.

सकाळी पाहिलं तर कुणीतरी बॉलपेननं एका दीर्घिकेला गोल करून बाजूला 'हीच' असं लिहिलेलं. ती अलकनंदा नाही. समूहाच्या भिंगानं ताणलेली दुसरीच कुठलीतरी दीर्घिका, कमानीसारखी. शाई लॅमिनेशनवरून स्पिरिटनं निघाली. खऱ्या जागेवर मात्र बोटांचे ठसे जमलेत, म्हणजे बऱ्याच जणांना सापडली.

पुढचं : वरून ३ मिलिमीटरची ॲक्रिलिक शीट, कोटेशन दादांकडून मागवलंय. बारावी सुरू व्हायच्या आत भाचीला याच क्षेत्रातले 'छोटे लाल ठिपके' करायचे आहेत. ते तारे, दीर्घिका की पोटात कृष्णविवर असलेलं आणखी काही, यावर अजून वाद चालू आहेत. त्यांची यादी तिनं काढलीय. एफ४४४डब्ल्यूसकट सगळे फिल्टर आपल्याकडे आहेतच.